आयसीयूतला पेशंट, ब्लड रिपोर्ट आणि बेडसोअर: नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यात आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. भेटायच्या वेळेत नातेवाईक मोबाईलवर आलेला रिपोर्ट उघडून दाखवतात, त्यात लाल अक्षरातला एखादा आकडा असतो आणि विचारतात, सिस्टर, हे अल्ब्युमिन एवढं कमी आलंय, पाठीला जखम होणार का आता? (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन.) तेवढ्या वेळात नीट उत्तर देता येत नाही, मागे अलार्म वाजत असतो, दुसऱ्या बेडवरून हाक आलेली असते. म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमच्या पेशंटचे निर्णय त्याला बघणारे डॉक्टरच घेतील, पण राऊंडच्या वेळी त्यांना काय विचारायचं हे यातून नक्की कळेल.

बेडसोअर म्हणजे नक्की काय? आणि आयसीयूतच एवढे का होतात?

एकाच जागेवर खूप वेळ दाब राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेलं मांस आणि कातडी यांचा रक्तपुरवठा बंद होतो आणि तो भाग मरायला लागतो. माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, खुबे, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या नेहमीच्या जागा. आपण झोपेतसुद्धा सारखी कूस बदलत असतो, ते आपल्याला कळतही नाही. आयसीयूतल्या पेशंटला झोपेचं औषध दिलेलं असतं, व्हेंटिलेटर असतो, अंगात ताकद नसते, दुखतंय हे सांगता येत नाही, वर बीपी टिकवायला औषधं चालू असतात. म्हणजे स्वतः हलायचं बंद आणि रक्तही कमी पोचतंय, दोन्ही एकदम.

आणखी एक, दाब फक्त गादीचाच असतो असं नाही. बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) मास्क नाकावर, तोंडातली नळी ओठाच्या कोपऱ्यात, बोटाला लावलेला ऑक्सिजनचा प्रोब, मांडीखाली आलेली लघवीची नळी, या सगळ्यांनी जखम होते. नातेवाईक पाठ बघायला सांगतात पण नाक आणि कानामागची जागा कोणी बघायला सांगत नाही, तीही विचारा.

हे किती जणांना होतं? आमच्याच पेशंटला झालं का?

नाही. २०१८ च्या मे महिन्यात एकाच दिवशी ९० देशांतल्या १,११७ आयसीयूमध्ये १३ हजारांहून जास्त पेशंट तपासले गेले होते, तो अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यात २६.६ टक्के पेशंटना बेडसोअर होते, आणि आयसीयूत आल्यानंतर झालेले १६.२ टक्के. म्हणजे साधारण दर सहा पेशंटमागे एकाला आयसीयूतच झालेला. सगळ्यात जास्त माकडहाडाच्या जागी, मग टाचांना. वय जास्त, वजन खूप कमी, इमर्जन्सी ऑपरेशन, व्हेंटिलेटर, डायलिसिस, तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, यांच्यात प्रमाण जास्त निघालं.

मग ब्लड रिपोर्ट बघून आधीच कळतं का, कोणाला होणार ते?

थोडं कळतं, पूर्ण कळत नाही. बेडसोअर सांगणारी अशी एकही ब्लड टेस्ट आज नाही की ती पॉझिटिव्ह आली म्हणजे जखम होणार आणि निगेटिव्ह आली म्हणजे निर्धास्त. आहे ते असं, की काही आकडे बिघडलेले असतील तर त्या पेशंटमध्ये जखमा जास्त दिसतात. अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, पण सगळ्याच अभ्यासांत सारखा नाही. हालचाल बंद असणं, रक्तपुरवठा कमी असणं आणि कातडी आधीच खराब असणं, हे तीन धोके मात्र पुन्हा पुन्हा पुढे येतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रक्ताच्या तपासण्या लक्षात घ्या असं आहे, पण बाकीच्या गोष्टींच्या जोडीला, एकट्या त्यांच्यावर विसंबून नाही.

मला जे मनापासून सांगायचंय ते हेच. रिपोर्ट आपल्याला सांगतो की या शरीराची दाब सोसायची ताकद किती उरलीये. दाब कमी करायचं काम रिपोर्ट करत नाही, ते हाताने करावं लागतं, दिवसा आणि रात्री. आकडा वाईट आला तर तो आकडा सुधारायच्या मागे लागण्याआधी पेशंटला शेवटचं कधी वळवलं ते विचारा.

अल्ब्युमिन २.१ आलंय. हे खूप वाईट आहे का?

नॉर्मल साधारण ३.५ ते ५ ग्रॅम पर डेसीलिटर असतं, त्यामुळे २.१ कमीच आहे, आणि आजारपण गंभीर आहे हे ते सांगतं. पण इथे सगळ्यात मोठा गैरसमज असतो म्हणून जरा थांबून सांगते. नातेवाईकांना वाटतं अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी पडलं, मग सुनेला वाटतं मीच नीट करून घातलं नाही, आणि वाईट वाटून घेतात. तसं नसतं.

अल्ब्युमिन लिव्हरमध्ये बनतं. अंगात मोठं इन्फेक्शन किंवा सूज (म्हणजे आतला दाह, पाणी साठून बाहेर दिसते ती सूज नव्हे) असली की लिव्हर अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि लढाईला लागणारी दुसरी प्रोटीन्स बनवायला घेतं. शिवाय अशा वेळी बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, अल्ब्युमिन बाहेर झिरपतं, आणि वरून सलाईनच्या बाटल्या गेल्यामुळे रक्त पातळ होऊन आकडा अजून खाली दिसतो. म्हणून काल ३.४ असलेला माणूस सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच बिघडणं) झाल्यावर एक-दोन दिवसांत २.४ वर येऊ शकतो, तेवढ्यात काही उपासमार झालेली नसते. आणि उलट बाजूने, अल्ब्युमिन रक्तात निम्मं व्हायला साधारण २० दिवस लागतात, त्यामुळे आज ट्यूबमधून चांगलं फीड चालू केलं म्हणून परवा आकडा वर येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकेतल्या क्लिनिकल न्यूट्रिशनवाल्यांच्या संघटनेनेही २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन (लिव्हरमध्येच बनणारं दुसरं एक प्रोटीन) या आतली सूज दाखवणाऱ्या खुणा आहेत, पोषण मोजायला त्या वापरू नयेत.

मग बेडसोअरशी त्याचा संबंध काय? एक म्हणजे अल्ब्युमिन कमी असलं की पाणी अंगात साठतं, पाय, पाठ, हात सुजतात, आणि सुजलेली कातडी पाण्यात भिजलेल्या कागदासारखी होते, जरा घासली की फाटते. ऑक्सिजनलाही पेशींपर्यंत जायला जास्त अंतर पडतं. दुसरं म्हणजे, ज्याचं अल्ब्युमिन एवढं घसरलंय तो पेशंट मुळात जास्त आजारी असतो, कमी हलतो, बीपी कमी असतं. त्यामुळे जखम अल्ब्युमिनमुळे झाली की त्या आजारपणामुळे हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच.

मग अल्ब्युमिनची बाटली चढवली तर बेडसोअर टळेल ना?

हा प्रश्न फार येतो, कारण बाटली काही हजारांना येते आणि घरचे म्हणतात पैशाचं बघू आम्ही, तुम्ही चढवा. अल्ब्युमिन देण्याची काही ठराविक कारणं आहेत, लिव्हरच्या पेशंटचं पोटातलं पाणी जास्त काढल्यावर वगैरे, तिथे ते द्यायलाच हवं आणि डॉक्टर देतात. पण नुसता आकडा वर आणायला आणि बेडसोअर टाळायला म्हणून ते देत नाहीत. गळक्या रक्तवाहिन्यांतून ते पुन्हा बाहेर जातं. तुमचा डॉक्टर नको म्हणत असेल तर तो तुमचे पैसे वाचवतोय असं समजा. तेच पैसे पुढे घरी चांगली एअर गादी, अंडरपॅड आणि रात्रीची मावशी यांना लागणार आहेत, आणि तिथे त्यांचा खरा उपयोग होतो.

प्रीअल्ब्युमिन करून घ्यावं का? लॅबवाले सुचवतात.

ते दोन-तीन दिवसांत बदलतं म्हणून अल्ब्युमिनपेक्षा ताजं चित्र देतं असं म्हणतात, पण सुजेत तेही खाली जातं. आयसीयूत एकट्याने त्याचा फार उपयोग नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर करा, स्वतःहून नको.

सीआरपी १८० आहे. त्याचा पाठीशी काय संबंध?

सीआरपी म्हणजे अंगात सूज किंवा इन्फेक्शन चालू आहे याची खूण, तेही लिव्हरच बनवतं. काही तासांत वर चढायला लागतं, दोन दिवसांच्या आसपास शिखरावर जातं आणि कारण दूर झालं की तितक्याच वेगाने खाली येतं, कारण ते निम्मं व्हायला १९ तास पुरतात. अशी सूज चालू असते तेव्हा शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, पेशंटची मांडी आणि कुल्ले बघता बघता बारीक होतात, आणि हाडावरचं मांसच कमी झालं की दाब थेट बसतो. सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन कमी ही जोडी एकत्र बघायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे, आणि मला ती पटते, कारण अल्ब्युमिन का घसरलं याचा अंदाज सीआरपी शेजारी ठेवल्यावरच येतो.

एक सांभाळा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही पर डेसीलिटरमध्ये, दोघांत दहापटीचा फरक. कल्याणच्या लॅबचा रिपोर्ट १८ आणि इथला १८० बघून एक मुलगा रडकुंडीला आला होता, सीआरपी तेवढंच होतं, फक्त युनिट वेगळं होतं. डी-डायमरसारख्या (रक्ताच्या गुठळ्यांसाठीची टेस्ट) बाकीच्या टेस्टनाही हे लागू आहे, आधी युनिट बघायचं.

आणि बेडसोअरमध्येच इन्फेक्शन झालं तरी सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढतात. ताप आहे, सीआरपी वाढतंय, छातीचा एक्सरे साफ आहे, लघवी साफ आहे, तर पाठ उघडून बघायलाच हवी.

हिमोग्लोबिन ७.८ आहे. रक्त चढवलं तर जखम होणार नाही ना?

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेतं, त्यामुळे एचबी (म्हणजे हिमोग्लोबिन) निम्मं झालं की कातडीपर्यंत जाणारा ऑक्सिजनही तेवढा घटतो, यात वाद नाही. पण म्हणून रक्त चढवून एचबी १० च्या वर नेलं की पेशंट जास्त बरा होतो का? १९९९ मध्ये कॅनडात आयसीयूच्या पेशंटवर मोठा अभ्यास झाला, त्यात ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देणाऱ्या गटाचं काही वाईट झालं नाही. तेव्हापासून बहुतेक आयसीयूत ७ हीच रेषा धरतात, हार्टचा पेशंट असेल किंवा रक्तस्राव चालू असेल तर हिशोब वेगळा. त्यामुळे ७.८ ला डॉक्टर थांबलेत तर दुर्लक्ष चाललंय असं समजू नका.

आमच्यासाठी मात्र ७.८ चा अर्थ वेगळा, अशा पेशंटच्या कातडीला सहन करायला कमी वाव आहे, दोन तासांचं वळवणं अडीच तासांवर जाता कामा नये.

लॅक्टेट म्हणजे काय? त्यावर डॉक्टर एवढे का अडून असतात?

पेशींना ऑक्सिजन पुरेना झाला की लॅक्टेट वाढतं. २ च्या आत असावं. बीपी पडलं की शरीर मेंदू आणि हार्टकडे रक्त वळवतं आणि कातडीला शेवटचा नंबर लागतो, वरून नॉरअॅड्रेनालिन चालू असेल तर ते बीपी वाढवतं खरं पण कातडीच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. हातपाय गार, बोटं निळसर, गुडघ्यावर जाळीसारखे डाग, लॅक्टेट ४, असा पेशंट माझ्याकडे आला की बाकीचे रिपोर्ट यायच्या आधीच मी टाचांखाली उशी सरकवते. माझ्या मते बेडसोअरच्या बाबतीत अल्ब्युमिनपेक्षा लॅक्टेट, बीपी आणि नॉरअॅड्रेनालिनचा डोस हे तिन्ही मिळून जास्त आणि लवकर सांगतात, पण नातेवाईकांच्या तोंडी अल्ब्युमिनच असतं कारण रिपोर्टमध्ये ते लाल दिसतं.

हेही लक्षात ठेवा, खोलवरची इजा लगेच दिसत नाही. आत मांस दबून खराब झालेलं असतं आणि वर जांभळा डाग दोन-तीन दिवसांनी उमटतो. सोमवारी रात्री बीपी पडलं असेल तर गुरुवारी दिसणारा डाग त्या रात्रीचा असू शकतो.

डायबेटिस आहे, शुगर वरखाली होते. त्याने किती फरक पडतो?

पडतो. जुन्या डायबेटिसमध्ये बारीक रक्तवाहिन्या आणि नसा आधीच खराब असतात, टाचेला दुखलेलं कळतच नाही, आणि शुगर जास्त असली की जखम भरत नाही, जंतू वाढतात. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगर दाखवतं (पण नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो आकडा विश्वासाचा नाही). आयसीयूत शुगर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. घरी १०० असायची, इथे १७० का ठेवताय, असं भांडू नका. २००९ मध्ये सहा हजारांहून जास्त पेशंटवरच्या अभ्यासात फार कडक शुगर ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले होते.

क्रिएटिनिन, लिम्फोसाइट, प्लेटलेट, झिंक, ड जीवनसत्त्व, हे सगळं बघायचं का?

क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) बघायचं, कारण किडनी बंद पडलेल्या पेशंटच्या अंगावर सूज असते, डायलिसिस चार-चार तास किंवा सलग चालतं आणि त्या वेळात नळी हलेल या भीतीने त्याला कोणी हलवत नाही. लिम्फोसाइट कमी असणं, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) यांचं गुणोत्तर जास्त असणं, यावर संशोधन चालू आहे, पण त्यावरून बेडवर काही वेगळं ठरत नाही. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) जखम साफ करायच्या वेळी लागतात, रक्तस्राव होईल का ते बघायला. बाकीचं डॉक्टरांनी सांगितलं तरच.

नर्स तो ब्रेडन स्कोअर भरतात तो काय आहे? तो पुरेसा नाही का?

बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकेतल्या दोन नर्सनी तो बनवला, १९८७ मध्ये छापून आला. सहा गोष्टी बघतो: पेशंटला जाणीव किती, कातडी ओली किती राहते, उठणं-बसणं, स्वतः कूस बदलणं, खाणं, आणि घासलं-घसरलं जाणं. एकूण ६ ते २३, जितका कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली म्हणजे सावध.

आयसीयूत अडचण अशी की जवळपास सगळेच १८ च्या खाली. व्हेंटिलेटरवरच्या दहाही पेशंटना हाय रिस्क लिहिलं तर त्यातला सगळ्यात नाजूक कोण हे कसं ओळखायचं? ब्लड रिपोर्टचा उपयोग मला इथे वाटतो. सारख्याच स्कोअरच्या दोन पेशंटपैकी ज्याचं लॅक्टेट चढलंय, एचबी उतरलंय, अल्ब्युमिन घसरतंय, त्याच्याकडे आधी आणि जास्त वेळा बघायचं. स्कोअरमध्ये बीपी आणि ऑक्सिजन येतच नाही, ती उणीव रिपोर्ट थोडी भरून काढतात.

रिपोर्ट खराब आले की तुम्ही नेमकं काय वेगळं करता?

साधारण दर दोन तासांनी वळवणं तर असतंच, पूर्ण ९० अंशात कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन ३० अंश, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. टाचा हवेत, पोटरीखाली उशी, गुडघा किंचित वाकलेला. माकडहाडावर सिलिकॉन फोमचं ड्रेसिंग जखम व्हायच्या आधीच लावतो, आणि ते उचलून खालची कातडी रोज बघतो. शी-लघवी झाली की लगेच साफ करून बॅरियर क्रीम (कातडीला ओलावा लागू न देणारं).

एक ओढाताण रोजची आहे. व्हेंटिलेटरच्या पेशंटला न्यूमोनिया होऊ नये म्हणून डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवावं लागतं, आणि डोकं वर केलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, हाड खाली जातं आणि कातडी चादरीला चिकटून वरच राहते, त्या ओढीने आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. म्हणून आम्ही गुडघ्याकडची बाजूही जरा वर करतो आणि वर सरकवताना दोघं मिळून ड्रॉशीटने (पेशंटखाली घातलेल्या आडव्या चादरीने) उचलतो, ओढत नाही. तुम्ही भेटायला आलात आणि पेशंट खाली घसरलेला दिसला तर काखेत हात घालून ओढू नका, सिस्टरला हाक मारा, आम्हाला राग येत नाही.

बीपी इतकं नाजूक असेल की वळवलं तरी पडतं, तर थोडंथोडं वळवतो, खांद्याखाली छोटी घडी, हाताची जागा बदल, डोकं दुसरीकडे. अगदी काहीच न करणं हा पर्याय नसतो.

एअर गादी लावलीये, मग वळवायची काय गरज?

आहेच गरज. गादी दाब वाटून देते, शून्य करत नाही. आणि ती चालू आहे का, ट्यूब मुडपली नाही ना, पेशंटच्या वजनाप्रमाणे सेटिंग आहे का, हे रोज बघायचं. गादीवर चादर, त्यावर प्लास्टिक, त्यावर अंडरपॅड, त्यावर दुमडलेली साडी असे थर घातले तर गादीचा फायदाच निघून जातो. एक पातळ चादर, सैल. ठाण्याच्या दमट हवेत मे-जूनमध्ये प्लास्टिकखाली घाम साचून पाठ दोन दिवसांत पांढरीफट्ट, मऊ पडते, ती मग सोलायला वेळ लागत नाही.

आमचे बाबा सावळे आहेत, लाली कशी ओळखायची?

फार चांगला प्रश्न, कारण पुस्तकांत फोटो गोऱ्या कातडीचे असतात. तिथे लाल जागा दाबली की पांढरी होते का ते बघतात. आपल्या रंगावर ते नीट दिसत नाही. म्हणून हाताने बघायचं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावल्यावर पेशंट तोंड वाकडं करतो का, रंग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट झालाय का, कातडी चमकते का. उजेड चांगला घ्या, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. शेजारच्या कातडीशी तुलना करत बघितलं की फरक कळतो.

तेलाने मालिश, स्पिरिट-पावडर, रबरी रिंग, यातलं काय चालेल?

लाल किंवा गडद झालेल्या हाडाच्या जागेवर चोळायचं नाही, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते. पावडर घामात गोळे होऊन घासते. रबरी रिंगवर बसवलं की मधला भाग मोकळा दिसतो पण कडेने दाब बसून मधल्या भागाचंच रक्त अडतं, म्हणून रिंग नको म्हणजे नको. हे सगळं पूर्वी सर्रास केलं जायचं, आजीने केलं, आईने केलं, प्रेमानेच केलं. आता फक्त कोमट पाण्याने पुसणं, टिपून कोरडं करणं आणि साधं मॉइश्चरायझर.

खाण्यापिण्यात काय द्यावं म्हणजे रिपोर्टही सुधारेल?

रिपोर्टसाठी नाही, जखम होऊ नये आणि झालेली भरावी यासाठी द्या. धोका असलेल्या पेशंटला प्रोटीन साधारण किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम रोज आणि कॅलरी किलोमागे ३० ते ३५ असा हिशोब सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं, आता बघा नुसत्या मुगाच्या पाण्यावर, साबुदाण्याच्या पेजेवर किंवा नारळपाण्यावर हे कसं भागणार. तोंडाने खात असेल तर अंडी, दही, पनीर, घट्ट वरण, मासे चालत असतील तर काटे काढून. गिळायला त्रास असेल, ठसका लागत असेल तर स्वतःहून काही भरवू नका. ट्यूब असेल तर आहारतज्ज्ञ सांगतील तेच फीड, तेवढंच.

किडनीच्या पेशंटचं प्रोटीन घरचे परस्पर बंद करतात. डायलिसिसवर असलेल्याला उलट प्रोटीन जास्त लागतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी बिघडलेली असेल तर ते धोक्याचं.

बेडसोअर झालं म्हणजे हॉस्पिटलचा निष्काळजीपणाच ना?

कधी असतो, कधी नसतो. बरेचसे टाळता येतात हे मी एक नर्स म्हणून मान्य करते आणि ते टाळणं हे आमचंच काम आहे. पण मोठ्या शॉकमध्ये, अनेक अवयव बंद पडत असताना, सगळं करूनही जखम झालेले पेशंट असतात. फरक कसा ओळखायचा, तर वळवल्याची नोंद बघायला मागा, दाखल करताना पाठ तपासून लिहिली होती का विचारा, जखम कधी पहिल्यांदा दिसली आणि कुठल्या स्टेजला (म्हणजे किती खोल) ते विचारा. या नोंदी नीट असतील तर बोलणंही नीट होतं. पेशंट दुसरीकडून आणला असेल तर आल्या आल्या पाठ आमच्याबरोबर उभं राहून बघा.

घरी नेल्यावर कुठल्या ब्लड टेस्ट करत राहायच्या?

दर आठवड्याला अल्ब्युमिन करून घेण्यात अर्थ नाही. एचबी, शुगर आणि किडनी डॉक्टर सांगतील तेव्हा. घरी खरं काम वेगळंच आहे. वळवायच्या वेळांचा कागद भिंतीला चिकटवा आणि ज्याने वळवलं त्याने सही करायची, मुलगा असो, सून असो की केअरटेकर मामा असो. खुर्चीत बसवलं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी भार इकडून तिकडे. डायपर चोवीस तास नको, दिवसा काही वेळ नुसतं अंडरपॅड. सर्जिकलच्या दुकानातून एअर गादी भाड्याने मिळते, घ्यायच्या आधी तिथेच फुगवून दोन तास चालवून बघा.

लाईट गेली की पंप बंद पडतो आणि बरीचशी गादी हळूहळू बसते, पेशंट थेट लाकडावर येतो. घोडबंदर रोडला सोसायटीचा जनरेटर असला तरी तो बऱ्याचदा फक्त लिफ्ट आणि जिन्याला असतो, घरातल्या प्लगला नाही, हे आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात इन्व्हर्टरवर पंपाचा प्लग घ्या, त्याला फार वीज लागत नाही. नाहीच जमलं तर लाईट येईपर्यंत जास्त वेळा वळवा.

लगेच डॉक्टरांना कधी दाखवायचं?

जखमेला घाण वास, पू, भोवतीची कातडी गरम आणि पसरत जाणारी लाली, काळी खपली, आत हाड किंवा पिवळट-पांढरं काही दिसणं, ताप, थंडी वाजणं, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, डायबेटिसवाल्याची शुगर कारण नसताना सारखी वाढत राहणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टाचेवर काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली असेल तर ती घरी ओढून काढू नका, तशीच झाकून दाखवायला न्या. जाताना जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि जखमेचे रोज एकाच अंतरावरून शेजारी पट्टी ठेवून काढलेले फोटो घेऊन जा, डॉक्टरांना त्या फोटोंवरून जखम वाढतेय की भरतेय हे कळतं.